हापशीचं पाणी आणि पुढचे सहा दात

माझ्या वरच्या पुढच्या सहा दातांवर आता सिरॅमिकचे व्हेनियर आहेत. त्याआधी तिथे तपकिरी पट्टे होते, मधेमधे बारीक खळगे होते आणि उजवीकडच्या मोठ्या दाताचा कोपरा पेरू खाताना उडाला होता. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात वाढलो. पांढरकवडा, झरी, मारेगाव या पट्ट्यातल्या माणसाला असे दात कशाने होतात ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना मात्र दरवेळी सांगावं लागतं, कारण विदर्भात तपकिरी दात दिसले की लोक खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, धरून चालतात. मी खर्र्याला कधी हात लावला नाही. तरी माझ्या नोकरीच्या पहिल्या शाळेत एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सर, घरी काय खायचं ते खा जी, पण पोरांसमोर खर्रा नको." लग्नासाठी मुली पाहायला जायचो तेव्हाही मुलीच्या मामाचा किंवा काकाचा प्रश्न असायचा, खर्रा खाता का? एका घरातून तर नकार आला तो याच कारणाने. बायकोच्या घरच्यांनी काही विचारलं नाही. तिचं माहेर मारेगावकडचं, त्यांच्या घरात दोघांचे दात असेच होते.

आमच्या आधीची पिढी विहिरीचं पाणी प्यायची. त्या पाण्यातून नारू व्हायचा, पावसाळ्यात पटकी आणि हगवण यायची. आजोबांच्या पायातून नारूचा दोरा काडीला गुंडाळून काढल्याची गोष्ट वडील अजून सांगतात. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगावी खोल बोअर घेतले गेले, हापशा बसल्या आणि लोकांना पहिल्यांदा बारा महिने नितळ पाणी मिळालं. नारू गेला, पटकी हटली. त्या हापशीने आमच्या गावात किती माणसं वाचवली असतील, हे मी कधी विसरत नाही. पण त्याच पाण्यात खोल खडकातून उतरलेलं फ्लोराइड होतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरी सोयच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत. आमच्या हापशीचं पाणी पुढे कधीतरी तपासलं गेलं, ते मर्यादेच्या वर निघालं आणि ते पिऊ नये या खुणेसाठी हापशीच्या दांड्याला लाल रंग लागला. तोवर आम्हा भावंडांचे पक्के दात येऊन चुकले होते.

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे हे घडतं कसं ते वर्गात बरेचदा सांगितलं आहे. पक्क्या दातांचं इनॅमल जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतं. त्या वर्षांत पोटात फ्लोराइड जास्त गेलं की इनॅमल घट्ट न होता सच्छिद्र राहतं. दात बाहेर येतो तेव्हा खडूसारखा पांढरट असतो. तपकिरी रंग नंतर त्या छिद्रांत मुरतो, म्हणून कितीही घासलं तरी निघत नाही. राखुंडी, मीठ, लिंबू असं सगळं सुचवणारे लोक भेटतात. लिंबाने तर उलट उरलंसुरलं इनॅमल झिजतं. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याला 1901 साली गावातल्या लोकांचे असेच तपकिरी दात दिसले. तो तीस वर्षं कारण शोधत राहिला. ते पाण्यातलं फ्लोराइड आहे हे 1931 साली सिद्ध झालं. आपल्याकडे 1937 साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, नेल्लोर जिल्ह्यात, फ्लोराइडने हाडं आखडलेली माणसं नोंदवली गेली. म्हणजे आमच्या गावात हापशी बसण्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान पुस्तकात होतं. पाणी प्यायला देण्याआधी ते तपासायला हवं होतं, असं मला आजही तितक्याच तीव्रतेने वाटतं.

दातांवर उपचार करायचे हे मी ठरवलं ते कोपरा उडाल्यावर. जिभेला तो सारखा लागायचा आणि गार पाण्याने कळ यायची. पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो तिथे पाच मिनिटांत उत्तर मिळालं: सहाही दातांचं रूट कॅनॉल करायचं, दात कोरून बारीक करायचे आणि वर कॅप बसवायच्या. दात किडलेला नाही, हलत नाही, मग त्याची नस का काढायची, या प्रश्नावर तिथे उत्तर नव्हतं. मी उठून आलो. ओळखीतून नागपूरच्या एका डॉक्टर मॅडमचं नाव कळलं. कृत्रिम दात, कॅप, व्हेनियर याच विषयात त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे. त्यांनी आधी फोटो काढले, एक्स-रे काढले, रात्री झोपेत दात खाता का ते विचारलं, आणि मग कागदावर दाताचं चित्र काढून समजावलं.

कॅपसाठी दात चारही बाजूंनी कोरावा लागतो. व्हेनियर म्हणजे फक्त दर्शनी बाजूवर चिकटवायचा सिरॅमिकचा पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यासाठी दात कोरायचा तोही तेवढाच, आणि शक्यतो इनॅमलच्या आत राहून, कारण चिकटवण इनॅमलला सर्वांत घट्ट धरते. खालच्या डेंटिनवर ती तितकी टिकत नाही. "पण सर," त्या म्हणाल्या, "एकदा कोरलेलं इनॅमल परत येत नाही. पुढे जन्मभर या दातांवर काहीतरी असावंच लागेल. दहा-पंधरा वर्षांनी बदलावेही लागतील. हे मान्य असेल तरच पुढे जाऊ." हे वाक्य पहिल्याच भेटीत सांगणारा डॉक्टर मिळाला, हे मी माझं भाग्य समजतो. व्हेनियर बसवायला निघालेल्या प्रत्येकाला हे आधी कळलं पाहिजे.

त्यांनी लगेच कोरायला घेतलं नाही. आधी हिरड्यांची सफाई झाली, कारण हिरडीतून रक्त येत असेल तर चिकटवण्याचं काम नीट होत नाही. मग त्यांनी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि प्युमिस दगडाची पूड यांचा लेप लावून दातांचा अगदी वरचा थर घासून पाहिला. फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडने झालेला हा बिघाड, हलका असेल तर एवढ्यावरही भागतं, व्हेनियरची गरज पडत नाही. माझे वरवरचे पांढरे ठिपके गेले, तपकिरी पट्टे खोल होते ते राहिले. त्यानंतर खालच्या दातांसाठी ब्लीचिंग. दातांच्या मापाची पारदर्शक ट्रे दिली, त्यात औषधाची जेल भरून रात्री लावायची. खालच्या दातांना व्हेनियर नको असं आमचं ठरलं होतं. खालचे दात बारीक, त्यांच्यावर चावताना ताण जास्त येतो, आणि माझ्या खिशाचाही प्रश्न होता. ब्लीचिंगने त्यांचा तपकिरी रंग फिकट पिवळा झाला. हे आधीच करावं लागतं, कारण सिरॅमिकचा रंग एकदा ठरला की ब्लीचिंगने बदलत नाही. खालचे दात जिथवर उजळतील तिथवर उजळून मग वरच्यांचा रंग त्यांच्याशी जुळवायचा. ब्लीचिंगनंतर किमान दोन आठवडे थांबावंही लागतं, नाहीतर दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे चिकटवण कच्ची राहते.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती त्यापुढची पायरी. माझ्या दातांचा प्लास्टरचा साचा लॅबमध्ये गेला. तिथल्या कारागिराने त्यावर मेणाने नवे दात घडवले. त्या मेणाच्या दातांवरून सिलिकॉनचा ठसा घेऊन मॅडमनी त्यात दाताच्या रंगाचं तात्पुरतं मटेरियल भरलं आणि तो ठसा माझ्या दातांवर दाबून धरला. काही मिनिटांनी काढला तेव्हा माझ्या तोंडात नवे दात होते, आणि माझे मूळचे दात अजून कणभरही कोरलेले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "आता बोला. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट मोजा. वावर, व्हरांडा, विहीर म्हणा." 'स' म्हणताना शीळ वाजते का आणि 'व' म्हणताना वरच्या दाताची कड खालच्या ओठाला नेमकी कुठे टेकते, यावरून दाताची लांबी ठरते. मी वर्गात दिवसभर बोलणारा माणूस, मला हे फार पटलं. मी खिशातून यादी काढून वर्गाची हजेरी घेतली, सगळी नावं मोठ्याने. डाव्या बाजूचा सुळा लांब वाटत होता, तो त्यांनी तिथल्या तिथे घासून कमी केला. बायकोला बाहेरून बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, चेहरा तुमचाच आहे. पण मधले दोन जरा जास्तच मोठे नाही वाटत?" तेही कमी केले. जिथे दात कोरण्याआधी असं तोंडात दाखवत नाहीत, तिथे मी कोणाला जायला सांगणार नाही.

कोरण्याच्या दिवशी भुलीचं इंजेक्शन दिलं. त्या तात्पुरत्या दातांवरूनच त्यांनी ठरावीक खोलीचे आडवे चर पाडले, चरांच्या तळाला पेन्सिलने खुणा केल्या आणि पेन्सिल पुसली जाईपर्यंतच घासलं. हिरडीजवळ इनॅमल पातळ असतं, तिथे कमी. मधे थोडं जास्त. जिथे पट्टे फार गडद होते तिथे किंचित अधिक. मग हिरडीच्या कडेला बारीक दोरा बसवून माप घेतलं. घरी जाताना तोंडात कच्चे दात होते. त्या दातांनी भाकरीसुद्धा तोडायची नाही, कुस्करून मागच्या दातांनी खायची, असं बजावलं होतं.

रंगाबद्दल मात्र आमची बरीच चर्चा झाली. रंग बघायच्या पट्टीवर ए-1 पासून डी-4 पर्यंत सोळा छटा असतात. मॅडम ती खिडकीजवळच्या उजेडात बघायच्या, आणि काम सुरू व्हायच्या आधी, कारण तोंड उघडं राहून दात सुकले की ते आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. मला साहजिकच सगळ्यात पांढरे हवे होते. आयुष्यभर जे नव्हतं ते भरपूर हवं असं वाटत होतं. त्यांनी आरसा हातात दिला आणि खालच्या दातांशेजारी ती छटा धरून दाखवली. फरक इतका ठळक होता की मीच दोन पायऱ्या खाली आलो. दुसरी अडचण मला माहीत नव्हती. सिरॅमिक पारदर्शक घेतलं तर खालचा तपकिरी पट्टा आतून सावली टाकतो; झाकण्यासाठी अपारदर्शक घेतलं तर दात भिंतीला चुना मारावा तसा निर्जीव दिसतो. यातला तोल लॅबमधल्या कारागिराने साधायचा असतो. म्हणून मॅडमनी मला त्याच्याकडेच पाठवलं.

नागपुरात इतवारीच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर, ट्यूबलाइटखाली बसलेला तो माणूस. त्याने माझे खालचे दात भिंगातून पाहिले, मला हसायला सांगितलं, बोलायला सांगितलं, मोबाइलवर फोटो काढले. मग म्हणाला, "दादा, सहाही एकसारखे गुळगुळीत केले तर लांबूनच कळतील. मी हिरडीकडे थोडी पिवळी झाक ठेवतो, कडेला थोडा पारदर्शकपणा, आणि मधे एखाददुसरा पांढरा ठिपका टाकतो. तुमच्या खालच्या दातांवर आहेतच." ज्या ठिपक्यांना मी इतकी वर्षं लपवत होतो, त्यातला थोडासा अंश तो नव्या दातांत मुद्दाम घालणार होता. मी हो म्हटलं, आणि आज ते दात खरे वाटतात ते त्यामुळेच. दातांच्या डॉक्टरचं नाव लोक विचारतात, या कारागिरांचं कोणी विचारत नाही. त्यांच्या हातात फार मोठी कला आहे आणि तिला मिळायला हवा तो मान मिळत नाही.

चिकटवण्याचा दिवस लांबलचक होता. आधी प्रत्येक व्हेनियर पाण्याने धुऊन जाणाऱ्या पेस्टवर बसवून पाहिला. मग मॅडमनी सगळे बाहेर काढले आणि त्यांच्या आतल्या बाजूला एक जेल लावली. ती काय आहे हे मी विचारलं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड. मी ते वर्गात शिकवतो: काच खाणारं ॲसिड, म्हणून काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत. सिरॅमिकमध्येही काचेचा अंश असतो. ॲसिडने त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा पडतात आणि चिकटवण त्या खाचांत रुजते. माझे दात ज्या मूलद्रव्याने बिघडले, त्याच फ्लोरिनचं एक संयुग त्यांच्या दुरुस्तीला लागत होतं. मी खुर्चीत पडल्या पडल्या किती तरी वेळ याचाच विचार करत होतो.

इनॅमलवरही अशाच सूक्ष्म खाचा पडाव्यात म्हणून दातांच्या बाजूला फॉस्फोरिक ॲसिड लावलं. मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली ही युक्ती दाखवली, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिला सिरॅमिकच्या खाचांची जोड मिळाली, तेव्हा टिकाऊ व्हेनियर शक्य झाले. त्याआधी हॉलिवूडमध्ये नटांसाठी चार्ल्स पिंकस व्हेनियर करायचे ते फक्त चित्रीकरणापुरते टिकायचे. फ्लोरोसिस झालेल्या इनॅमलचा वरचा थर ॲसिडला लवकर दाद देत नाही, म्हणून माझ्या दातांवर ते नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागलं. मग एकेक व्हेनियर, त्यावर निळा उजेड, कडेची जास्तीची चिकटवण खरवडून काढणं, दोन दातांमधून दोरा फिरवणं. शेवटी रंगीत कागद चावायला लावून कुठे आधी टेकतंय ते पाहिलं आणि तिथे घासलं.

पहिले काही दिवस गार पाण्याने झिणझिण्या यायच्या, त्या हळूहळू गेल्या. दर दाताला बारा हजार रुपये पडले. ते मी शिक्षक पतसंस्थेच्या कर्जातून भरले. असे उपचार सौंदर्याचे समजले जातात, त्यामुळे आरोग्य विम्यातून सहसा काही मिळत नाही. रात्री झोपताना प्लास्टिकचा गार्ड लावतो. पुढच्या दातांनी ऊस सोलत नाही, अक्रोड, सुपारी फोडत नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही. घासतो मऊ ब्रशने, आणि हिरडीची कड स्वच्छ ठेवतो, कारण व्हेनियर किडत नसला तरी त्याच्या कडेशी खालचा दात किडू शकतो. मी तोंडावर हात न धरता हसतो. नव्या शाळेत मला खर्रा खाता का असं अजून कोणी विचारलेलं नाही, आणि त्याचं समाधान किती आहे हे ज्याने ते सोसलं आहे त्यालाच कळेल. व्हेनियर बसवल्याचा मला पूर्ण आनंद आहे.

पण माझ्या वडिलांची मान वळत नाही. खाली बसले की उठायला दोन माणसं लागतात. तेही त्याच हापशीचं पाणी माझ्यापेक्षा जास्त वर्षं प्यायलेले. हाडांत मुरलेल्या फ्लोराइडवर कोणताही पापुद्रा चिकटवता येत नाही. आणि आठवीतली एक मुलगी माझे दात बघून म्हणाली, "सर, माझे पण असे होतील ना?" तिला सांगितलं, होतील, पण मोठी झाल्यावर, वाढत्या वयात व्हेनियर बसवत नाहीत. तिच्यामागे तिचा पाच वर्षांचा भाऊ उभा होता. त्याचे पक्के दात अजून हिरडीच्या आत घडत होते. त्याच्यासाठी काही करायचं तर ते आत्ताच करता येणार होतं, आणि ते दवाखान्यात नाही, घरातल्या पाण्याच्या हंड्यात करायचं होतं.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरी आठ वर्षांच्या आतलं मूल असेल आणि पिण्याचं पाणी बोअरचं असेल, तर ते फ्लोराइडसाठी तपासून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. साध्या कँडल फिल्टरने किंवा क्लोरीननेही जात नाही. आरओने कमी होतं. गावपातळीवर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते कमी करायची नलगोंडा पद्धत आहे, ती आपल्याच नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली. नाहीतर जवळच्या नदीचं, तलावाचं पाणी शुद्ध करून किंवा पावसाचं पाणी साठवून वापरता येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. नेताना फ्लोराइडची तपासणी हवी असं स्पष्ट सांगा, कारण नुसत्या जंतूंच्या तपासणीत ते कळत नाही. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत न्या, काचेच्या बाटलीत नको.